ऐरणीचा घनपाठ

४ जानेवारी, शनिवार

आज नववा दिवस. या घरात मीठ नाही.

षड्रसांपैकी एका रसाचा संपूर्ण लोप झाला आहे, आणि त्याला कोणत्याही सूत्राचा आधार नाही. घरमालकीण दोन्या (म्हणजे आपल्याकडच्या ‘बाई’) रेमेदिओस यांनी नाताळ उरकताच मिठाची बरणी कपाटात कुलूपबंद केली, किल्ली गळ्यात. कारण काय, तर त्यांचा मुलगा निकानोर याला एक फेब्रुवारीच्या लढतीसाठी एकसष्ट किलो दोनशे ग्रॅमवर यायचं आहे. बॉक्सर तो, आणि अळणी घेवडा मी गिळतोय.

आज धीर करून विचारलं, "दोन्या, मला कुठे रिंगणात उतरायचंय?"

"तुमच्या ताटातल्या मिठाचा वास त्याच्यापर्यंत जाईल, मास्तर."

"मिठाला वास नसतो."

"आईला येतो. जेवा."

एकोणीस वर्षं पाचूकात राहून पुण्याच्या साप्ताहिकाला मेक्सिकोची वार्तापत्रं धाडतोय. इथला वारा अंगवळणी पडला, मिरची पडली. हे पडणार नाही.

५ जानेवारी, रविवार

काल रागाच्या भरात लढतीबद्दल लिहायचंच राहिलं. राष्ट्रीय पट्ट्याची लढत — आणि तीही आमच्याच गावात! निकानोर तेहेतिशीचा. या वयात पट्ट्याची संधी कुणाच्या दारात येत नाही; याच्या आली. गल्लीत त्याला ‘ऐरण’ म्हणतात, कारण मारणाऱ्याचाच हात दुखतो. दोन वर्षांपूर्वी ताम्पिकोला मात्र डाव्या डोळ्यावर असा ठोसा बसला की शस्त्रक्रिया झाली. परवाना परत मिळाला तो एका अटीवर: पट्ट्याच्या लढतीआधी बॉक्सिंग मंडळाचा डॉक्टर डोळे तपासणार. नापास झाला तर लढत नाही, परवाना नाही, पुन्हा विटांची भट्टी.

"डोळा कसा आहे रे?" म्हटलं.

"नवाकोरा. तुमच्या टकलावरचे केस मोजून दाखवू?"

"मोज."

"सात."

आठ आहेत. पण ते मीसुद्धा आरशासमोर दुसऱ्या खेपेला मोजले.

६ जानेवारी, सोमवार

बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण. हसून हसून बरगड्या दुखतायत, अक्षर वाकडं येतंय.

संध्याकाळी अंगणात अख्खी गल्ली. मध्ये टेबलावर रोस्का — गाडीच्या चाकाएवढा गोड पाव. त्याच्या पोटात बाळाची प्लॅस्टिकची बाहुली. प्रत्येकाने आपला तुकडा आपण कापायचा. ज्याच्या तुकड्यात बाहुली, त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाले, म्हणजे मक्याच्या सालात वाफवलेली पिठाची मुटकुळी, खाऊ घालायची. म्हणून इथली शूर माणसं या एका दिवशी शल्यवैद्यासारखी सुरी चालवतात. मागल्या वर्षी माझ्या सुरीला बाहुली लागली, ती मी बोटाने शेजारच्या सुताराच्या वाट्यात सरकवली. पाप खरंच, पण इथे ते सगळेच करतात.

यंदा सुताराने कापलं आणि उरलेल्या पावातून, डाव्या बाजूला, दोन पांढरे पाय बाहेर! पुढच्या सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. तेवढ्यात निकानोर सरावाहून आला. त्याला आईकडून बोटभर तुकड्याची परवानगी. त्याने सुरी घेतली, बरोबर पायांच्या बाजूने कापलं, तुकडा तोंडात टाकला.

कट्ट.

त्याचा प्रशिक्षक म्हातारा फिदेन्सिओ डोकं धरून बसला. "गाढवा, लढतीच्या दुसऱ्या दिवशी गल्लीचं जेवण! अरे, पाय दिसत होते!"

निकानोरने बाहुली तोंडातून काढून हातावर ठेवली. जरा वेळ नुसता बघत राहिला. मग हसला. "दिसत होते म्हणूनच घेतली. ऐरण पळत नसते, उस्ताद."

टाळ्या, शिट्ट्या! सुताराने त्याला खांद्यावर घेतलं. मला भरून आलं. एकोणीस वर्षांत बाहुली उजळमाथ्याने घेणारा हा पहिलाच माणूस मी पाहिला.

९ जानेवारी, गुरुवार

आज निकानोर माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं. मला वाटलं मीठ मागायला आला.

"मास्तर, तुम्ही लहानपणी हजारो ओळी पाठ केल्यात म्हणता. न बघता म्हणायचात?"

"न बघता. पुढून, मागून, मधूनही."

"मला शिकवाल? ठोसे खाऊन विसराळू झालोय. डोकं तल्लख हवं."

वाईची पाठशाळा सोडून पस्तीस वर्षं झाली. या काळात माझ्या सख्ख्या भाच्यांनीही हे मला विचारलं नाही. विचारलं ते एका मेक्सिकन बॉक्सरने! मी खुर्चीवरून उठलोच. पदपाठ सांगितला, क्रम सांगितला, घनपाठ सांगितला — एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन.

पाठ करायला काय घ्यावं? मी एखादं स्तोत्र म्हणणार, तर त्याने खिशातून चिठोरा काढला. नुसती स्पॅनिश अक्षरं. सात-आठ ओळी. शेवटची: एफे, ए, एले, ओ, पे, सेता, दे.

"शब्द नकोत. अर्थ आला की मन भटकतं," म्हणाला.

इतकी खोल गोष्ट आमच्या गुरुजींनीसुद्धा सांगितली नव्हती.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तीळगूळ नाही. मीठही नाही.

१९ जानेवारी, रविवार

तालमीत गेलो होतो. दोरीउड्या चालू आणि दोरीच्या तालावर घनपाठ! एफे-ए, ए-एफे, एफे-ए-एले, एले-ए-एफे, एफे-ए-एले. मी कोपऱ्यातून ओरडायचो, "पाचवी ओळ, उलटी!" — श्वास न चुकता उलटी. "चौथीतलं तिसरं!" — तेही. पाठशाळेत असता तर याच्या अंगावर शाल पडली असती.

फिदेन्सिओ वैतागला. "मास्तर, पोराला काय पाजलंत? मी म्हणतो डावा हात वर धर, तो म्हणतो सेता."

"मनाचा व्यायाम आहे."

"मनावर ठोसा बसत नाही. गालावर बसतो. चार दिवस बघतोय, डावीकडून सारखे खातोय."

"ऐरण आहे ना," मी म्हणालो. सगळे हसले. तासाभराने बाकीचे बॉक्सरही दोरीवर एफे-ए करायला लागले. माझी शाखा स्थापन झाली!

२५ जानेवारी, शनिवार

न्हाणीघरात आंघोळ बंद. टबात मक्याची सालं भिजत घातली आहेत, चारशे तमाल्यांची. दोन्या रेमेदिओस कोपरापर्यंत पिठात. आठवडाभर आधीच कसली घाई, असं विचारलं तर म्हणाल्या, "ही चाचणी आहे, मास्तर. चारशे खरी नंतर." आणि चाचणीच्या मसाल्यात मीठ! मी एक चिमूट मागितली. किल्ली दाखवून पुन्हा गळ्यात टाकली.

निकानोर दारात उभा राहून वास घेत होता. त्याला एकसष्ट किलो नऊशेपर्यंत आणलंय. गाल आत गेलेत, हसताना सगळे दात मोजता येतात.

"पट्टा आणलास की पहिलं तमाल तुला," आई म्हणाली.

"दोन."

"आधी पट्टा."

मी म्हटलं, बाहुली घेताना विचार करायचा होतास. तो म्हणाला, "विचार केला असता तर तुमच्यासारखी सुताराकडे सरकवली असती." हे त्याला कुणी सांगितलं!

३० जानेवारी, गुरुवार

पास! डोळे पास! मंडळाच्या कचेरीबाहेर आम्ही दहा-बारा जण भुईमुगाच्या शेंगा फोडत थांबलो होतो. आत एकट्याला घेतात. दहा मिनिटांत तो कागद फडकवत बाहेर. फिदेन्सिओने त्याचं कपाळ चुंबलं, सुताराने माझं. निकानोरने मला उचललं — सत्त्याऐंशी किलोंना! — आणि कानाशी म्हणाला, "तुमच्यामुळे, मास्तर. तुमच्याचमुळे."

"माझं काय त्यात?"

"मन शांत होतं ना."

विद्येचं चीज झालं. घरी येईपर्यंत मी रस्त्याने घन म्हणत होतो. कुत्री बाजूला झाली.

३१ जानेवारी, शुक्रवार, दुपार

वजन. मंडळाच्या कचेरीत, डोळे तपासले त्याच खोलीत. काटा दाखवतो एकसष्ट दोनशे साठ. साठ ग्रॅम जास्त! टॉवेल धरला, चड्डी उतरवली — तरी पाच ग्रॅम जास्त. प्रतिस्पर्धी दात काढून उभा. फिदेन्सिओ कात्री शोधायला लागला, केस कापतो म्हणून. इतक्यात मला गळ्यातला दोरा दिसला. आईने त्याला रोस्क्याची बाहुली बांधली होती, नशिबासाठी.

बाहुली उतरवली. एकसष्ट दोनशे. बरोब्बर.

बाहेर गल्लीने ताशे आणले होते. मी नाचलो. साक्षीदार बरेच आहेत, नाकारता येणार नाही.

३१ जानेवारी, संध्याकाळ

दुपारी एक गोष्ट लिहिली नाही.

काट्याच्या मागे, भिंतीवर, डोळे तपासायचा तक्ता टांगलेला होता. बाहुली हातात घेऊन मी तिथे टेकलो आणि मान वळवली. चष्मा खिशात होता; वरची मोठी अक्षरं तेवढी दिसली, आणि ती चिठोऱ्यावरचीच होती. तरी सगळ्या ओळी म्हणता आल्या. शेवटची — एफे, ए, एले, ओ, पे, सेता, दे. उलटीसुद्धा.

सहा तारखेला त्याला रोस्क्यातले ते पाय दिसलेच नव्हते.

दोन्यांनी आज मिठाची बरणी टेबलावर आणून ठेवली. मी उघडली नाही. बाहुली माझ्याच खिशात राहिली आहे.

मला भीती वाटते. तो हरेल याची नाही. उद्या डावीकडून येणारा ठोसा त्याला दिसणार नाही. हे फक्त त्याला आणि मला ठाऊक आहे, आणि फिदेन्सिओ खाली अंगणात बसलाय, आणि मी अजून जिना उतरलेलो नाही.