सुकटाच्या पुडीतलं कोडं

४ ऑक्टोबर
आधीच सांगते, शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. आठवीतनं शाळा सोडली. आणि फोनवर एका बोटाने टाईप करते, त्यामुळे फार हळू होतं. गावची मैत्रीण ईशा म्हणाली होती, बकुळा, तू बोलत नायस तर निदान लिहीत जा. म्हणून हे.

आज एसटीने खेडवरून रत्नागिरीला आले. मिरकरवाड्यात मनिषाताय राहते, माझी मावसबहीण. ती मासे कापायच्या शेडमध्ये आहे, तिथेच मला पण काम बघून दिलंय. सर्वेशभावजी ट्रॉलरवर तांडेल आहेत, म्हणजे बोट त्यांच्या हुकमाने चालते. त्यांची सानवी पहिलीत आहे. आल्या आल्या तिने मला पाटीवर कमळ, बदक, नळ लिहून दाखवलं. काना मात्रा अजून यायचाय तिला.

जेवायला बांगड्याचं तिखलं होतं. भावजी म्हणाले, हिला आधी काटे काढायला शिकवा, नायतर पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं लागेल. मी मोठ्याने हसले. किती दिवसांनी.

७ ऑक्टोबर
सुरमईचं डोकं विळीवर दाबायचं आणि मागे न बघता ओढायचं. रक्त कोपरापर्यंत येतं. बायका म्हणतात, ए खेडची, मासा आहे तो, दुधी नाय, जरा जोर लाव गो. मी काय बोलत नाय, पण मला आवडतात त्या.

आज जेटीवर भावजींनी हाक मारली. बोटीवरची माणसं घरी न्यायची मासळी वाटून घेतात, त्याला वाटे टाकणं म्हणतात. मासळीचे ढीग करायचे. प्रत्येकाने आपली एक खूण द्यायची, शिंपला, बटण, विडीचं थोटूक, काहीही. मग ज्याला कोणाची खूण कुठली ते ठाऊक नाय त्याने एकेक खूण एकेका ढिगावर टाकायची. ज्याची खूण त्याचा वाटा, भांडण नाय. भावजी म्हणाले, ही नवीन आहे, हिच्याच हातून टाकूया. बर्फवाला निलेश म्हणाला, बाय, माझ्यावर पापलेट पडू दे, बायको माहेरी चाललीय. त्याला ढोमे पडले, सगळ्यात स्वस्त मासळी. सगळे त्याला चिडवत होते. मला वाटलं, मी यांच्यातली झाले.

९ ऑक्टोबर
शेडबाहेर यमुनाबाई सुकट विकते. म्हातारी कोणाशी बोलत नाय, म्हणून मला तिच्याजवळ बसायला बरं वाटतं. ताय म्हणाली, तिचा मुलगा मोरू भावजींच्याच बोटीवर होता. गेल्या वर्षी समुद्रात पडला. सापडला नाय.

आज तिने मला सुकट बांधून दिलं त्या कागदावर शब्दकोडं होतं. वर लिहिलंय, बंदर कोडं, विषय एका बोटीची गोष्ट. शाळेत मला तेवढंच यायचं. पेन्सिल घेऊन बसले. बोटीचा मुख्य माणूस, तांडेल. मासा जिथून श्वास घेतो, कल्ला. खाडीच्या तोंडाशी लावायचं पिशवीसारखं जाळं, ते मला माहीत नव्हतं. बायकांना विचारलं तर म्हणाल्या डोल, एवढं पण नाय येत हिला. शिकतेय मी.

११ ऑक्टोबर
कोड्यात एक विचित्र आहे. बर्फवाल्याने सळई मारली ती जागा, दोन अक्षरी. डोलमधला डो आधीच होता. मी डोळा लिहिलं. मोठ्या माशाला मारत असतील तसं, असं वाटलं.

१२ ऑक्टोबर
निलेश गेला.

सकाळी बोटीवर बर्फ भरत होते. तो सळईने बर्फाची लादी फोडत होता, पाय घसरला, आणि हातातली सळई खाली टेकून उभी राहिली आणि तो तोंडावर पडला. डोळ्यातून आत. मी शेडच्या दारातून बघितलं. लगेच मेला नाय. सळईसकट उठून बसला आणि कोणीतरी धरा म्हणाला. पांढरा बर्फ गुलाबी झाला. नंतर तोच बर्फ पाण्याने धुऊन परत मासळीवर टाकला, कारण दुसरा नव्हता.

मी कोणाला कोड्याचं बोलले नाय.

१४ ऑक्टोबर
पुढचं बघितलं. विंचवाल्याने दोर आवळला ती जागा, दोन अक्षरी. विंच म्हणजे जाळं ओढायचं यंत्र. बोटीवर ते दीपेश चालवतो. उत्तर मला कळलं. ते उभं आहे. मी ठरवलं, ते लिहायचं नाय.

बाकीचं आडवं साधं होतं. शिडाचं मोठं जहाज, गलबत. जेटीवर एका पायावर उभा राहतो, बगळा. सानवी मांडीवर बसली होती, तिला बगळा दाखवून हसवलं, लिहिलं. मग नजर गेली. गलबतचा ग वर. बगळाचा ळा खाली. मधे घर नाय. मी न लिहिताच ते झालं होतं.

१५ ऑक्टोबर
दीपेशच्या गळ्यात गमछा होता. विंचमध्ये गेला. बंद करायचं बटण दीपेशच्याच हाताशी असतं, दुसऱ्या कोणाला पोचेपर्यंत – ताय म्हणते मान एका बाजूला लोंबत होती. भावजींनी सुरीने गमछा कापला, तेव्हा त्यांच्या पण हाताला लागलं. घरी येऊन किती वेळ हात धूत होते.

जेटीवर बाळा नावाचा पेपरवाला येतो, त्याला कागद दाखवला. तो म्हणाला, हे कोडं मोरूच बनवून द्यायचा आमच्या पेपरला. तो गेल्यावर बंद केलं. मग त्याने कागदावरची तारीख बघितली. तारीख ह्याच महिन्याची आहे. असा अंक निघालाच नाय म्हणाला.

शेवटचं एक उरलंय. तांडेलाने पायाला बांधला तो. तीन अक्षरी.

तांडेल म्हणजे भावजी.

१६ ऑक्टोबर
भावजींना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. ओठ फाटला. विचारत होते, कोणी सांगितलं तुला, म्हातारीने? मी नाय नाय म्हणत होते. मग तेच खाली बसले. रडले.

बोलले सगळं. रात्री लाईट लावून मासेमारी करायला बंदी आहे, ते करत होते. मोरू म्हणाला मी मत्स्यखात्याला कळवणार. निलेश, दीपेश आणि भावजी, तिघांनी ठरवलं, त्याला संपवायचं. पण कोणी काय करायचं ह्यावर अडलं. मग वाटे टाकले. एकेका कामाचा एक असे तीन ढीग केले, तीन नवीन खुणा घेतल्या. आणि टाकायला बोलावलं मोरूलाच. त्याला वाटलं मासळीचे आहेत. हसत हसत टाकले त्याने. एक सळईचा. एक दोराचा. एक –

भावजींनी कागद फाडून खाडीत टाकला. तायला सांगू नको म्हणाले. सानवीची शपथ घातली.

१७ ऑक्टोबर
आता कळलं कोडं भरायला मी कशाला हवी होते. ज्या हाताला ठाऊक नाय त्याच हाताने वाटे टाकायचे. मला आता ठाऊक आहे. म्हणजे माझ्या हातून आता नाय होणार. बरं वाटलं. झोप लागली.

१८ ऑक्टोबर
तायने सुकट आणलं. पुडीवर तेच कोडं. माझ्याच अक्षरात भरलेलं. शेवटची तीन घरं मोकळी.

चुलीत घातलं. ओठ दुखतोय. यमुनाबाईकडे गेले, सांगितलं की बास करा, सानवी लहान आहे. ती म्हणाली, मी कुठे काय करते गो बाय, मी रद्दी घेते आणि सुकट बांधते. माझा पण लहानच होता.

भावजी बोटीवर जात नायत. ताय विचारते काय झालं. मी बोलत नाय. मला बोलता येत असतं तर –

२० ऑक्टोबर
भावजी गेले जेटीवर. फक्त दोर बघून येतो म्हणाले. मी शेडमध्ये. तायने दुपारी मला घरी पाठवलं, सानवी शाळेतनं आली असेल, बघ.

सानवी उंबऱ्यात बसलेली. मांडीवर कागद. सुकटाची पुडी सोडवलेली बाजूला.

म्हणाली, मावशी, आज बाईंनी नवीन शब्द शिकवला. ह्याच्यात बरोबर बसला.

काना नाय. मात्रा नाय.

दगड.

मी खोडतेय. थुंकी लावून, बोटाने. कागद फाटतोय, अक्षर जात नाय. सानवी रडतेय, मी तिला मारलं –

जेटीकडून ओरडा. दारातून ताय दिसली, विळीवरून तशीच उठून धावतेय, हाताला खवले. कोणीतरी म्हणतंय जाळ्याचा दगड सुटला, दोर पायात, बोट आणि जेटीच्या मधे – परत वर येतोय, परत आपटतोय – नुसता हात –

सानवी विचारते चुकलं का माझं

फोन वाजला. आईचा मेसेज. गाय व्याली. पाडी झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे, दोघी बऱ्या आहेत. विचारते, नाव काय ठेवू –