काहून जी बोलत नाई

मास्तर, आज दुपारी रेडिओवर तुमची सारंगमधली बंदिश लागली होती. 'काहे न बोलत'. गाणारी बाई चांगली तयारीची होती. निवेदक म्हणाला, पारंपरिक बंदिश. मी उठून रेडिओ बंद केला. पारंपरिक म्हणजे कोणाचीच नाही. मग तुमच्या अमरावतीच्या स्वयंपाकघरात मी पाहिलं ते काय होतं?

रविवार आहे. आठवडाभर शाळेत गाणं शिकवून सुटीच्या दिवशी तुम्ही मला चुलीपासून चार हातांवर शिकवायला बसवता, कारण तंबोरा घेऊन बसायला घरात दुसरी जागा नाही. काकू भाकरी थापताहेत. सकाळपासून तुमच्या डोक्यात सारंग घोळतोय, आणि त्यांच्या एकाही प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलेलं नाही. शेवटी पिठाचा हात कमरेवर ठेवून त्या म्हणतात, "काहून जी बोलत नाई? कवाची इचारून रायली मी, भाजी कोनती करू?" तुम्ही मांडीवर तीनताल धरता आणि तेच वाक्य गाता. 'बोलत'मधल्या 'बो'वर सम. "थे गानं ऱ्हाऊ द्या, भाजी सांगा," काकू म्हणतात. "वांगे," हेही तुम्ही सारंगमध्येच सांगता.

पुढे वर्तमानपत्रासाठी मैफिलींवर लिहिण्यात माझी सगळी नोकरी सरली. मोठमोठ्यांच्या बंदिशी ऐकल्या. घरातल्या बोलण्याचा ठेका असा जसाच्या तसा रागात बसवणारा दुसरा रचनाकार मला भेटला नाही.

आणि अकोल्याला तुम्ही काय केलंत? तिथल्या संगीत मंडळाने गायला बोलावलं होतं. कार्यक्रमाआधी तुम्ही बंदिश म्हणून दाखवलीत. मंडळाचे चिटणीस, स्वतः वऱ्हाडीच, हसत सुटले. "मास्तर, ख्याल हाय का भाजीबजार? लोक हासतीन ना जी!" मला वाटलं, तुम्ही तंबोरा उचलून निघाल. तुम्ही खिशातून पेन्सिल काढलीत. चहा येईपर्यंत सगळे शब्द बंदिशींच्या नेहमीच्या ब्रज भाषेत करून मोकळे. 'बो' समेवर तसाच राहिला. शब्दांतून काकू तेवढ्या गेल्या.

परतीच्या एसटीत मी भांडलो, तर म्हणालात, "अरे पोरा, सूर तं तोच हाय ना." घरी काकूंना कळलं, तेव्हा त्यांनी भाकरी उलटता उलटता विचारलं, "माहं बोलनं का बाटलं होतं का?" तुम्ही हसलात. मला तेव्हाही हसू आलं नाही, आजही येत नाही. चिटणिसांवरचा राग केव्हाच निवला. तुमच्यावरचा नाही. तुमच्या घरात ब्रज बोलणारं कोण होतं, मास्तर? एका चिटणिसाच्या हसण्यापुढे तुम्ही काकूंना त्यांच्याच गाण्यातून बाहेर काढलंत, म्हणून तर आज ते कोणाचंच नाही.

काही वर्षांनी तुम्ही गेलात, मागोमाग काकू. हे बोलायचं राहून गेलं. आज रागाच्या भरात कागद ओढला तो मूळ शब्द एकदाचे लिहून ठेवायला. स्थायी झरझर लिहिली. अंतराही काकूंच्याच बोलण्यातला होता. त्याची चाल आठवते, तुम्ही घेत होतात ती तान आठवते. शब्द मात्र ब्रजमधलेच तोंडात येतात. काकूंचे आठवत नाहीत. तासभर झाला, गुणगुणून पाहतो आहे.