गुरुवारचा इस्त्रीचा शर्ट

प्रिय रोशन,

हे फोनवर सांगता आलं नसतं. आमचे हे, हंबीरराव, दिवसभर घरातच असतात आणि वाचा गेली तरी कान शाबूत आहेत. म्हणून चार वर्षांनी हातात पेन धरलंय. अक्षराला हसू नकोस.

ह्यांचा आवाज तुला आठवतोय ना? डेअरीच्या गेटवर उभं राहून आतल्या माणसाला हाक मारायचे, ती रस्त्यापलीकडच्या हॉटेलवाल्याला ऐकू जायची. माझ्या लग्नात तू कानावर हात ठेवून म्हणाली होतीस, संयू, तुला नवरा मिळालाय की भोंगा! अडतीस वर्षं मी ह्यांना एकच सांगत आले, अहो, हळू बोला. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी झटका आला. हात सुधारला, चालणं सुधारलं, बोलणं मात्र दोन शब्दांवर येऊन थांबलं. बघ की. साखर किती घालू? बघ की. दुखतंय का? बघ की. एकदा आरशासमोर उभे राहून स्वतःलाच ‘बघ की’ म्हणाले आणि टॉवेलात तोंड लपवून रडले. मी दारामागं होते. पुढं झाले नाही.

उन्हाळ्यापासून मात्र काहीतरी वेगळंच सुरू झालं. दर गुरुवारी साडेतीनला हे इस्त्रीचा शर्ट घालतात, भांग पाडतात आणि ज्ञानूच्या रिक्षात बसून जातात. व्यायामाला जात असतील, असं मी धरून चालले होते. मग कळलं, व्यायामाचा तो दवाखाना गुरुवारी बंद असतो. शर्टाच्या खिशात ज्येष्ठमधाच्या काड्या सापडल्या. ज्याला बोलता येत नाही, त्याला घसा साफ करून कुठं जायचं असतं? पुढच्या आठवड्यात चिठ्ठी सापडली, बाईच्या वळणदार अक्षरात. ‘बायडाबाई, कळंबा, तलावाजवळ, गुरुवार ४.’ हसू नकोस रोशन. बासष्टाव्या वर्षीसुद्धा ती चिठ्ठी मी चारदा उलटसुलट करून पाहिली. ज्ञानूला गाठलं, तर तो म्हणाला, “वैनी, मला नका इचारू. सायबांनी शपथ घातल्या.” शपथ! ज्या माणसाला माझ्याकडं पाणी मागता येत नाही, त्यानं ज्ञानूला शपथ कशी घातली? म्हणजे बाहेर बोलता येतं आणि घरात मुद्दाम गप्प बसतात? त्या दिवसापासून मी ह्यांच्या तोंडाकडं चोरासारखी बघायला लागले.

परवाच्या गुरुवारी बसनं कळंब्याला गेले. पत्र्याची एक खोली, बाहेर चपला आणि ज्ञानूची रिक्षा. खिडकीतून पाहिलं. सतरंजीवर आठदहा माणसं होती, मध्ये नऊवारीतली, माझ्याहून थोरली बाई टाळ धरून. आणि आपला भोंगा, रोशन, जात्यावरच्या ओवीच्या चालीत गात होता, “पानी तापलं का गं, टावेल दे की.” एकेक शब्द स्वच्छ! बाकीच्यांनी तीच ओळ उचलली. मी आनंदानं धावत आत गेले असेन, असं तुला वाटेल. नाही गेले. मला राग आला. चौदा महिने मी ज्या शब्दांची वाट पाहिली, ते शब्द हे परक्यांना वाटून टाकत होते.

टाळवाल्या बायडाबाईंनीच मला पाहिलं. “आत या की, भाईर का हुबारलाय?” मी आत गेले आणि ह्यांचं गाणं अर्ध्यावरच तुटलं. दवाखान्यात बोलण्याचे धडे देणारी प्रियदर्शनी तिथं होती. चिठ्ठी तिची, खोली बायडाबाईंची. तिनं सांगितलं, बोलायची वाट बंद झाली तरी कधीकधी गाण्याची उघडी राहते. रोजची वाक्यं चालीत बसवायची आणि समोरच्यानं त्याच चालीत उत्तर द्यायचं. तिथं येणारे सगळेच मुके नाहीत. हुपरीची एक बाई नवरा गेल्यावर दार लावून बसली होती, ती आता सगळ्यांसाठी डबा आणते. ज्ञानू रिक्षा लावून आत येऊन बसतो. त्याचं बीपी म्हणे उतरलं. शपथ त्याला ह्यांनी गाऊनच घातली होती. मी विचारलं, मग घरी का नाही? ह्यांनी बायडाबाईंकडं बोट केलं. बायडाबाई म्हणाल्या, “पयल्या दिशी गाऊन सांगिटलं त्यांनी, बायकू हसंल. न्हायतर म्हनंल, हळू.” मी ह्यांच्यावर संशय घेत होते, रोशन, आणि हे माझ्यावर.

आता पत्राचं खरं कारण. काल सकाळी मी गॅसपाशी असताना हे आले, टेबलावर बोटांनी ताल धरला आणि गायले, “च्या झाला का गं, संयू.” थांबले. माझ्याकडं बघत राहिले. मला फक्त ‘झाला की’ म्हणायचं होतं, त्याच चालीत. तुला सातवीतलं बक्षीस समारंभाचं कॉयरचं गाणं आठवतं? सिस्टर फिलोमिनांनी माझ्या ओठांवर बोट ठेवलं होतं, तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव. त्यानंतर मी अंगाईसुद्धा म्हटलेली नाही. बेसूर कोण हे त्यांना तू सांगितलंस, असा संशय मी पन्नास वर्षं उरात बाळगलाय. तुझ्या घरी जेवले, तुझ्या लेकीच्या लग्नात मिरवले, पण तो सोडला नाही. सांगितलं असलंस तरी आता भांडण नाही. फक्त खरं सांग, मी इतकी बेसूर होते का? मिरजेत तू जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना गाणं शिकवलंस, मला दोन शब्द शिकव. गुरुवारच्या आत ये. काल हे ताल धरून वाट बघत राहिले, चहा उतू गेला, आणि मी नुसते ओठ हलवले.

तुझीच,
संयू