घरच्या शाळेला हेडमास्तर हवेत

मुलुंड,
२८ मे १९८६

तीर्थरूप आप्पांना,
माणिकचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे ठीक. दहिसरला भाऊजींकडे तुमचे पाण्याचे हाल आहेत असं कळलं. तुमच्या गुडघ्याला ते तेल चोळत जा, बाटली उशाशी ठेवून गुण येत नाही.

आमच्या घरच्या शाळेचं दुसरं वर्ष सुरू होतंय, त्याची गडबड आहे. पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. उरलेल्या कागदाचं क्षमाने माझ्या पोळ्यांच्या डब्यालाही कव्हर घातलं आणि वर लेबल लावलं, 'विषय : पोळ्या'. शाळेला घंटा हवी म्हणून बाजारातून पितळी घंटी आणली. वाजवून पाहिली, तर कुल्फीवाला आला समजून बिल्डिंगमधली पोरं पैसे घेऊन दारात. समोरच्या नलिनीवहिनी तर म्हणाल्या, "मला मलई दे गं, पिस्ता नको."

मुलांना शाळा घरात चालते, पण घरातून नाही चालत. दप्तर घेऊन क्षमा आणि तिच्यामागे नुसताच धाकू खाली उतरतात, बिल्डिंगला फेरी मारून वर येतात, बेल वाजवतात. मग मी आई नसते, बाई असते. परवा क्षमा उभी राहून म्हणाली, "बाई, माझी आई म्हणते तुम्ही फार ओरडता." मी म्हटलं, "आईला उद्या भेटायला सांग." "ती नाही येणार, तिला कामं असतात."

फळा ह्यांनी ठोकला. खिळे मारताना आधी तुमचा भिंतीवरचा फोटो उलटा केला. का, ते विचारू नका.

विचारणार नाही तुम्ही, म्हणून सांगतेच. हे हातोडी डाव्या हाताने धरतात. चाळिशी आली तरी तुमच्या फोटोसमोर धरत नाहीत.

आप्पा, क्षमाचा डावा हात शाळेत रिबिनीने बाकाला बांधत होते. ती वर्गात बोलेनाशी झाली, अंथरूण ओलं करू लागली, म्हणून आम्ही तिला काढलं. तुम्ही म्हणालात, "डाव्या हाताला विद्या येत नाही," आणि चहा तसाच टाकून उठलात. त्याला वर्ष होईल. मला तुमचा फार राग आला होता. आता नाही. म्हणजे रोज नाही. क्षमा आता इतकं बोलते की कधी कधी रिबीन तोंडाला बांधावी असं मलाच वाटतं.

यंदा धाकू पाच वर्षांचा झाला, त्याला पहिल्यांदा शाळेत बसवायचंय. आपल्या घरात प्रत्येक पोराचं पाटीवरचं पहिलं श्री तुम्ही हात धरून गिरवून घेतलंत. मी त्याला म्हटलं, आपण दोघं गिरवू. तर म्हणतो, "तू नुसती बाई आहेस. हेडमास्तर कुठायत?" पाटी बगलेत मारून बसलाय. हेडमास्तर येईपर्यंत अभ्यास बंद.

आणि आप्पा, इतका वेळ कुल्फी आणि पोळ्या सांगत बसले ते ह्याच्यासाठीच. धाकूही डावराच आहे.

नऊ जूनला, सोमवारी सकाळी पाट मांडते. या. तो जो हात पुढे करील, तो धरा. नाहीच धरवला, तर नुसते शेजारी बसा, पण या. तुमच्यावाचून ह्या घरात शाळा भरते, पण घर भरत नाही.

पाकिटावरचा पत्ता ह्यांनी लिहिलाय, तीस वर्षांनी डाव्या हाताने. तीन पाकिटं फुकट गेली. चौथ्यावर 'दहिसर' लिहून झालं तेव्हा हे स्वतःच बघत राहिले. 'द'ची शेपटी थेट तुमच्यासारखी आलीय. पत्र पोचलं असेल, तर पोस्टमनला डावं अक्षर लागलं असं समजा.

तुमची सून आणि तूर्त हंगामी हेडमास्तरीण,
माणिक