अक्कांनी न घेतलेलं नाव

लीड्स, मंगळवार दुपार

प्रिय सोमनाथ,

हे पाकीट ऑफिसात आलेलं पाहून तुला नवल वाटलं असेल. घरच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर ते आधी तुझ्या दादांच्या हातात पडलं असतं. मी तुझ्या वहिनीला, अक्कांना, घेऊन निघाले आणि दुसऱ्याच दिवशी ते लासूर स्टेशनहून पिशवी घेऊन मुकुंदवाडीला आपल्याकडं राहायला आले, कारण अक्का घरात नाहीत तर त्यांना भाकरी कोण करून घालणार! तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर मला तू कमी आणि ते जास्त दिसतात. निम्मं कपाळ, वर फिरणारा पंखा आणि एकच प्रश्न: "ती कधी येती?" लेक कशी आहे, नात कुणावर गेली, काही नाही. म्हणून जे फोनवर बोलता येत नाही ते लिहितेय. मला तुझ्याकडं एक गोष्ट मागायची आहे. ती शेवटी मागेन, कारण आधी मागितली तर तू पुढचं वाचणार नाहीस, "बघू" म्हणशील आणि पाकीट ड्रॉवरमध्ये टाकशील.

आधी खुशाली. श्रेया आता आधाराशिवाय उठते. टाके सुकले. बाळ दूध पितं, झोपतं आणि कृष्णा कामावरून आला की नेमकं जागं होऊन रडतं. जावयाचं तोंड अजून तिला पटलेलं दिसत नाही, असं अक्का म्हणतात आणि कृष्णा हसतो. तुझी वहिनी इथं काय काय करते ते तू पाहायला हवंस. विजेच्या शेगडीवर भाकरी फुगेना म्हणून पहिले दोन दिवस त्यांनी त्या शेगडीला तोंडभरून शिव्या दिल्या. आता चिमट्यानं भाकरी धरून ती फुगवायची अशी काही युक्ती काढली आहे की श्रेयाच्या शेजारची म्हातारी रोज वास घेत दाराशी येते. बसमधून उतरताना इथं सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. अक्कांनी ते एकदा ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून "थँक्यू रे बाबा" सुरू केलं. नऊवारीवर कृष्णाचं जाड जॅकेट घालून त्या बाबागाडी ढकलत बागेत जातात, आणि मी मागं. इतक्या वर्षांत मी अक्कांना रस्त्यानं कुणाच्या पुढं चालताना पाहिलं नव्हतं. पण संध्याकाळी तुमचा फोन वाजला की त्यांचा हात जिथं असेल तिथं थांबतो. पिठात असेल तर पिठात. फोन बंद होईपर्यंत त्या पाणीही पीत नाहीत.

मँचेस्टरला उतरल्यावर "जरा उशीर झाला" एवढंच मी तुला सांगितलं होतं. खरं असं की अक्कांना विमानतळावरूनच परत पाठवायची तयारी चालली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेयाचं ऑपरेशन ठरलेलं. दवाखान्यात कामाला असणारी पोर, इतरांची बाळंतपणं रोज पाहणारी, पण स्वतःची वेळ आली तेव्हा फोनवर तिचं एकच चाललं होतं, आई पाहिजे. कृष्णा बाहेर आमची वाट बघत उभा होता. आणि आत आमचा नंबर आला.

काचेमागं चष्मा लावलेली, माझ्याच वयाची अधिकारीबाई होती. तिनं अक्कांना बोटं मशीनच्या काचेवर टेकवायला सांगितली. उजवा हात टेकला. डावा टेकेना. ते वाकडं मनगट तुला माहीत आहे. बोटं सपाट बसत नव्हती, मशीन पुन्हा पुन्हा लाल दिवा दाखवत होतं. हाताला काय झालं, असं तिनं विचारलं. मी घरात वर्षानुवर्षं ऐकलेली गोष्ट इंग्रजीत सांगून टाकली: कडब्याच्या गंजीवरून पडल्या. तिनं मान हलवली आणि अक्कांना अगदी साधा प्रश्न विचारला, नवऱ्याचं नाव काय? मी तो मराठीत सांगितला. अक्कांनी पदर नीट केला आणि खाली बघितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. बरं, घरी कोण असतं? "कोन नाय," अक्का म्हणाल्या. मी ते इंग्रजीत सांगितलंच नाही, पण अक्कांची मान नकारार्थी हलली होती, ती तिनं पाहिली. आणि अर्जात तर लिहिलेलं, घरी नवरा आहे, लेकीचं बाळंतपण उरकून ही बाई त्याच्याकडं परत जाणार आहे. तो अर्ज तूच भरला होतास. बाईनं पासपोर्ट मिटला आणि आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं.

तू मला ओळखतोस. सभा असो, कॉलेजची मीटिंग असो, गप्प बसणं मला जमत नाही. तिथंही मी उभी राहिले आणि बोलले. म्हटलं, आमच्याकडं जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. ही रीत गुलामीची आहे, मी जन्मभर तिच्याविरुद्ध बोलत आले, पण रीत पाळणं हा गुन्हा नव्हे. एका आईला तिच्या मुकेपणाची शिक्षा करून बाळंतिणीपासून तोडू नका! शब्द बरोबर सापडत होते, आवाज चढत होता. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुम्ही छान बोलता, पण प्रश्न मी यांना विचारलाय. उत्तर पटलं नाही तर संध्याकाळच्या विमानात यांना जागा बघावी लागेल. अक्कांना इंग्रजी कळत नाही. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आणि बहुधा माझ्या तोंडावरूनच त्यांना सगळं कळलं.

थोड्या वेळानं फोनवर मराठी दुभाषी आली. आवाज मोकळा, कोल्हापूरकडचा. तिनं लगेच धीर दिला, "मावशी, घाबरू नका हो. नुसतं नाव घ्यायला जड जात असेल तर उखाण्यात घ्या की! मी तेवढंच उचलून सांगते त्यांना." माझ्या जिवात जीव आला. एवढी साधी वाट मला कशी सुचली नाही! अक्का मात्र म्हणाल्या, "उखान्यात बी नाय." दुभाषी हसली, "अहो, लाजताय काय? इथं कोण ओळखीचं आहे?" तेव्हा अक्कांनी मान वर केली. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "हे बघा बाई, रीत-बित काय नाय. माझी सासू जात्यावर दळताना मालकाचं नाव घालून गानं म्हनायची, मी सोता ऐकलंय. मला ते नाव माझ्या तोंडात नको, एवढंच हाय. ह्यो हात त्यानं मोडलाय. गंजी-बिंजी काय नव्हती. रत्ना सांगती ते तिला घरच्यांनी सांगितलेलं सांगती. त्या घरी मी आता जानार नाय."

सोमनाथ, तुमच्या भावकीतलं प्रत्येक लग्न मला आठवलं. बायका अक्कांना घेरायच्या, "घे गं म्हाळसा, नाव घे," आणि त्या नेमक्या उठायच्या, "दूध उतू चाललंय." आपण सगळे हसायचो. लाजाळू म्हणायचो. रीतच असती तर रीतीनं उखाण्याची मुभाही दिली होती. एवढं सरळ कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही?

पण तिथं विचार करायला वेळ नव्हता. मी मनातल्या मनात दुभाषीवर ओरडत होते, हे सांगू नकोस, एवढं सांगू नकोस! पाहुणी म्हणून आलेली बाई घरी जाणार नाही म्हणाली की दार बंद, हे मला कळत होतं. मी सांगितलेल्या रीतीच्या गोष्टीवर आम्ही सुटलो असतो. आणि खरं बोलल्याबद्दल अक्का संध्याकाळच्या विमानानं नेमक्या त्याच माणसाकडं रवाना होणार होत्या. दुभाषीनं शब्द न् शब्द सांगितला. तिचं कामच ते. अधिकारीबाईनं चष्मा काढला, अक्कांच्या डाव्या हाताकडं पाहिलं आणि विचारलं, मग तुम्ही भारतात परत जाणार की नाही? अक्का चक्क रागावल्या. "जानार की! इथं कशाला ऱ्हाऊ? माझं समदं तिकडंच हाय. लेकीचं उरकलं की जानार. पन त्या उंबऱ्यात नाय." मग कुठं, पुढचा प्रश्न आला. अक्कांचं सोयगावचं माहेर आता नावाला उरलंय, भावजय दारातून पाणी देऊन वाटेला लावते. अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. बाईनं पेन टेबलावर ठेवलं. त्या पेनाचा आवाज मला अजून ऐकू येतो. तेव्हा मी एक उत्तर दिलं. त्यावर तिनं मला आणखी एक प्रश्न विचारला, त्याचंही उत्तर मी दिलं, आणि पासपोर्टवर शिक्का बसला.

बाहेर कृष्णा दिसला. मग सामानाची गाडी ढकलता ढकलता अक्का मला म्हणाल्या, "तू बोलून बसलीस खरं. पन भाऊजींला इचारलंस का? ते नाय म्हनले तर?" मी म्हटलं, नाही म्हणणार नाहीत. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि गाडी पुढं ढकलली.

अक्कांचा हात मोडला तेव्हा तू कॉलेजात होतास आणि त्याच घरात राहत होतास. गंजीची गोष्ट मला लग्नानंतर तूच सांगितलीस. तुला खरं माहीत होतं का, हे मी विचारणार नाही. विचारलं तर तू उत्तर शोधत बसशील, आणि मला उत्तर नको, काम हवंय. दादांनी मला शिकवलं, असं तू दर वेळी म्हणतोस. फी त्यांनी भरली असेल. पण सकाळच्या पॅसेंजरनं लासूरहून शहरात जाताना तू रोज डबा न्यायचास, त्यातल्या भाकरी कुठल्या हातानं थापलेल्या असायच्या? मी तुला नावानं हाक मारते म्हणून दादा आपल्या लग्नानंतर वर्षभर माझ्या हातचं जेवले नाहीत. त्या दिवसांत अक्का एकदा चुलीपाशी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या होत्या, "घेत जा बाई. तुझ्या मालकाचं नाव घेन्यासारखं हाय." त्या बाईनं आख्ख्या घरात एका पुरुषाबद्दल चांगलं बोलून ठेवलंय, आणि तो तू आहेस.

अधिकारीबाईनं विचारलं होतं, या परत जाणार तर कुठं. मी म्हणाले, माझ्या घरी, मुकुंदवाडीला, कायमच्या. तिनं विचारलं, तुमच्या नवऱ्याला हे मान्य आहे? मी तिच्या डोळ्यांत बघून "हो" म्हणाले. तुला न विचारता. तेवढ्यासाठी हे पत्र. आज घरी जा, दादांची पिशवी भर आणि त्यांना लासूरला पोचव. तिथं, त्यांच्या ओट्यावर, तुझ्या तोंडानं सांग की वहिनी परत येणार नाहीत, त्या माझ्याकडं राहणार. माझ्यावर ढकलू नकोस. "रत्नानं फूस लावली" हे त्यांना फार सोयीचं पडेल, आणि तुलाही. तुला हे जमणार नसेल तर तसं सरळ कळव. मग मी आल्या आल्या शहरात दोन खोल्या भाड्यानं बघेन, दोघींना पुरतील अशा. आणि जमलं, तर आपल्या वरच्या खोलीला आतून कडी बसवून घे. मी अक्कांना विचारलं होतं, तुमच्यासाठी घरात काय काय करून घेऊ. त्यांनी तेवढी एकच गोष्ट सांगितली. फोनवर बाकी काही बोलू नकोस. कडी बसली, एवढंच म्हण. अक्का इथं माझ्या शेजारीच असतील.

अजून तुझीच,
रत्नमाला