सिरियलमधल्या विधवेचं लग्न

मुलुंड, रविवार संध्याकाळ, १९८६

जिंकले! लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सिरियल बघायला नेहमीसारखी मजल्यावरची सगळी मंडळी आमच्याकडे. आज त्यातल्या विधवेनं दुसरं लग्न करायचं ठरवलं. शेजारच्या नाईककाकू तडकल्या, "शोभतं का या वयात? काय एकेक दाखवतात!" नवरा गेल्यावर मी आईकडे परत आले, त्याला सात वर्षं झाली. आणि ऑफिसातल्या सावंतांना 'आईला विचारते' म्हणत वर्षभर लटकवून ठेवलेलं. मी काय बोलणार?

आई मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "करूक देत गो लगीन! घोव गेलो म्हणान तिना काय जल्मभर भिंतीकडे बघत बसाचा?"

हे आई बोलली? माझी आई? मटार सोलता सोलता?

कुठून धीर आला देव जाणे. उठले आणि टीव्हीचा आवाज बंद केला. "आई, मग मी पण करते. ऑफिसातले सावंत विचारतायत."

काकूंचा चहा बशीतच राहिला. आईचे मटारवरचे हातही थांबले. वाट लागली, म्हटलं.

"सावंत म्हणजे खयचे?"

"कुडाळचे."

"मगे इतके दिस गप कित्याक बसलंस? येत्या आयतवारी जेवूक बोलव तेका. आणि आवाज वाढव आधी, तिचा लगीन बघूचा आसा!"

वाढवला. सिरियलमध्ये पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. मी आईकडेच बघत होते.