बुजवलेली फट

१८ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणून लिहिला, त्यातून जास्त काही काढू नकोस. इकडे सगळे ठीक. लढाईतला लोखंडाचा तुकडा ज्यात अजून आहे तो गुडघाही ठीक.

तुझे पोस्टर इथवर पोहोचले. गणवेशातला मी, छातीवर शौर्यपदक आणि खाली मजकूर: 'रविवारी भर दुपारी भरलेले ट्रक नव्या पुलावरून जातील, तेव्हा वीर इंजिनिअर स्वतः पुलाखाली उभे राहतील.' फोटोत पदक माझ्या उजव्या छातीवर आहे, लावतात ते डावीकडे. फोटो उलटा छापलास. ज्याला डावे-उजवे तपासावेसे वाटत नाही, त्याचा पूल आपणच तपासावा म्हणून मंगळवारी न सांगता तुझ्या पुलावर येऊन गेलो.

पुलाच्या टोकाला दोन बोटे फट ठेवायची असते. उन्हाने पूल लांबतो, त्याला अंग पसरायला जागा लागते. हे तुला मी शिकवले. मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही, पुस्तके वाचून परीक्षा दिल्या. पण तुला शिकवले ते नीट शिकवले. ती फट तू काँक्रीटने बुजवलीस. मुकादमाला विचारले, तर म्हणाला, "साहेबच म्हणाले, पाहुण्यांच्या गाडीला हिसका बसता कामा नये."

हिसका.

टोकाच्या भिंतीला भेग आहे. सकाळी तिच्यावर काचेची पट्टी प्लास्टरने बसवली. ऊन चढले तशी ती मधोमध तडकली. पसरणारा पूल भिंतीला ढकलतो आहे, भिंत सरकते आहे.

फोनवर तू म्हणालास, "दादा, गोळ्यांना नाही भ्यालास आणि माझ्या पुलाला भितोस?" हो. गोळ्या शत्रूच्या होत्या, त्यांच्याकडून माझी काही अपेक्षा नव्हती. आणि पदक मिळाले ते छाती पुढे केली म्हणून नाही. गोळीबारात कमरभर पाण्यात उभे राहून पुलाचा एकेक बोल्ट पिळला म्हणून. एकही ढिला ठेवला नाही.

'मी येणार नाही' एवढे लिहून थांबणार होतो. पण तुझ्या बायकोचा फोन आला. "दादा, तुम्ही नाही आलात तर हे स्वतः खाली उभे राहणार म्हणतात. तुमची टोपी घालून."

माझी टोपी तुला बसत नाही. तुझे डोके लहानपणापासून मोठे, आत काही नसताना.

पुलाखाली उभे राहायची रीत माझी. माझ्या पहिल्या पुलाखाली उभा राहिलो, तेव्हा कोणी बोलावले नसताना तूही आलास आणि मागून माझा पट्टा घट्ट धरलास. शेवटचा ट्रक जाईपर्यंत सोडला नाहीस. हे इथे लिहायचे कारण नव्हते. पण मी पत्रात खाडाखोड करत नाही.

तर ऐक. शनिवारी संध्याकाळपर्यंत फट मोकळी कर आणि ट्रक परत पाठव. नाहीतर रविवारी मी येईन. पदक लावून, डाव्या बाजूला. पुलाखाली नाही, पुलावर. त्या फटीवरच बसेन आणि तुझ्या पाहुण्यांसमोर छिन्नी-हातोड्याने ती फोडेन. ट्रक न्यायचाच असेल तर माझ्या अंगावरून न्यावा लागेल. लोकांनी विचारले तर पूल कोणी बांधला ते सांगेन, आणि बांधणाऱ्याला कोणी शिकवले तेही.

खाली जाऊ नकोस. मी वर बसलेला असेन, तुझा पट्टा धरायला खाली कोणी नसेल.

काहीही केलेस तरी तुझाच,
थोरला